ग्वाल्हेरला, एक कॅमेरा उघडायला

ग्वाल्हेरला लोक किल्ला पाहायला जातात. मी गेले ती एक बंद पडलेला कॅमेरा उघडायला, आणि तो उघडल्याशिवाय परतीच्या गाडीत बसायचं नाही असं ठरवूनच गेले. किल्लाही पाहिला, नाही असं नाही. पण तिकडं कधी न गेलेल्या वाचकांना किल्ल्याची माहिती कुठंही मिळेल. मला सांगायचं आहे ते त्या कॅमेऱ्याचं.

माझं कोल्हापुरात कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं. रोलचे कॅमेरे जाऊन डिजिटल आले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी मला मोबाइलची कव्हरं विकायला बस म्हणून सांगितलं. मी बसले नाही. नवीन कॅमेरे उघडले, बिघडवले, परत जोडले आणि शिकले. त्यामुळं "हा आता दुरुस्त होणार नाही, फेकून द्या" हे वाक्य दुसऱ्या दुकानदारानं म्हटलेलं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

हेच वाक्य निमानं मला फोनवर सांगितलं. निमा माझी मावसबहीण, माझ्याच वयाची. लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली आणि तिथलीच झाली. "यांचा कॅमेरा उघडतच नाही गं, सुमन," ती म्हणाली. "दुकानवाला म्हणतो, फेकून द्या. त्याच्यात यांचे आखिरचे फोटो आहेत."

'हे' म्हणजे दिनकरराव. ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

"कुणालाही हात लावू देऊ नकोस," मी म्हटलं. "मी येते."

लष्कर

जानेवारीतलं ग्वाल्हेर म्हणजे धुकं. स्टेशनातून बाहेर पडले तर समोरचा टेम्पो, म्हणजे तिकडची सहा आसनी रिक्षा, तोसुद्धा नुसता आवाजानं ओळखावा लागत होता. निमाची मुलगी ऋचा मला घ्यायला आली होती. कॉलेजात शिकणारी, तरतरीत पोरगी. वाकून नमस्कार केला आणि एका दमात दोन भाषा बोलली. "मावशी, तू थकली असशील ना, चल, टेम्पो पकडते, वरना ठंड में खड़े रहेंगे."

निमाचं घर लष्कर नावाच्या जुन्या वस्तीत, शिंद्यांच्या गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या आणि वर गच्ची. गेल्या गेल्या पाण्याबरोबर गजक पुढं आली. आपल्याकडं पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवतात तशी तिकडं थंडीत गजक ठेवतात. तीळ आणि गूळ कुटून कुटून केलेले पातळ पापुद्रे, तोंडात टाकताच विरघळणारे आणि हात लावताच चुरा होणारे. संक्रांतीच्या आपल्या तिळाच्या लाडवांनी दाताची परीक्षा घेतलेली असते. गजक तशी नाही, ती फार मवाळ आहे. मात्र साडीभर तीळ पसरतात.

जेवायला आमटी होती, पण आमसुलाऐवजी अमचूर घातलेली, आणि कोल्हापूरच्या जिभेला ती आमटी आजारी माणसाची वाटली. मी तसं बोलून दाखवलं. "तुमच्याकडे तर मिरचीचंच जेवण असतं," निमा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली असावी, कारण ऋचा हातातला घास तसाच धरून तिच्याकडं पाहत राहिली.

भिंतीवर दिनकररावांचा हार घातलेला फोटो होता. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, चष्म्यावर चमक, मान ताठ, नजर अशी की पोलिसांनी आत्ताच पकडून आणलंय. मी त्यांना ओळखत होते. हसताना ज्यांचे खांदे हलायचे ते हे दिनकरराव नव्हेत.

"हे असे दिसत नव्हते," निमा म्हणाली. "रोज सकाळी याला नमस्कार करते आणि रोज वाटतं, हा कोण माणूस आहे? चेहरा विसरत चाललेय मी. मला एक ढंगाचा फोटो पाहिजे, बस."

दिनकरराव सिंचन खात्यात होते. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा नद्या आणि डोंगरांबरोबर कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली, आणि त्यांचं नाव गेलं रायपूरच्या बाजूला. ऋचाची शाळा होती, सासूबाई अंथरुणावर होत्या. निमा मागं राहिली. वर्षभरात परत येईन, असं म्हणत म्हणत ते वर्षानुवर्षं तिकडंच राहिले आणि एका सकाळी तिकडंच गेले.

"आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळी संस्थान विलीन झालं, फौज मोडली, शिपाईगडी असून कारकुनी करायला लागले," निमा सांगत होती. "यांच्या वेळी राज्य तुटलं. सरकार जोडतं तेव्हाही आमचाच माणूस जातो आणि तोडतं तेव्हाही आमचाच."

कॅमेरा रायपूरहून त्यांच्या सामानात परत आला होता. शेवटच्या सुट्टीतले फोटो त्यातच होते. लेन्स अर्धी बाहेर येऊन वाकडी अडकलेली. दोन वर्षं आत राहिलेले सेल फुटून त्यांतलं पाणी बाहेर आलेलं आणि खालचं झाकण गच्च बसलेलं. सेल आणि फोटोंचं कार्ड दोन्ही त्याच झाकणामागं. कुणीतरी चमचा किंवा तसलंच काही घालून ते उचकटायचा प्रयत्न केल्याच्या खुणा होत्या.

मी हत्यारांची पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर कोल्हापुरातच, काउंटरवर राहिला होता. उपदेश करणाऱ्या बाईचं हे असं असतं.

पाटणकर बाजार

दुसऱ्या दिवशी मी आणि ऋचा पाटणकर बाजारात गेलो. नाव ऐकून मला उगाच वाटलं, इथं मराठीत घासाघीस करता येईल. पाट्यांवर आपली आडनावं आहेत, पण 'ण' चा 'न' झालेला आणि आतली माणसं शुद्ध हिंदी. एका घड्याळवाल्याकडं हवा तसा स्क्रूड्रायव्हर मिळाला. त्यानं तो द्यायच्या आधी मला तीनदा विचारलं की काम कोण करणार आहे. "मैं," असं तिन्ही वेळा सांगितलं. चौथ्यांदा विचारलं असतं तर ते काम त्याच्याच घड्याळावर करून दाखवलं असतं.

येताना आम्ही बेडई खाल्ली. वाटलेली डाळ भरलेली जाड पुरी, वर बटाट्याची पातळ भाजी आणि शेजारी जिलबी. नाश्त्याला जिलबी ही कल्पना मला सुरुवातीला बालिश वाटली. दुसऱ्या द्रोणाच्या वेळी नाही वाटली.

घरी येऊन मी त्या झाकणाच्या फटीत लिंबाच्या रसाचा एकेक थेंब कापसाच्या काडीनं सोडला. सेलमधून गळलेला पांढरा क्षार लिंबानं किंवा व्हिनेगरनं सुटतो, पण घाई चालत नाही. थेंब सोडायचा, पुसायचा, वाट पाहायची.

"आत्ताच खेच ना, मावशी," ऋचा म्हणाली.

"आधीच्या माणसानं तेच केलं," मी म्हटलं.

किल्ला

लिंबू आपलं काम करेपर्यंत घरात बसून काय करणार? तिसऱ्या सकाळी ऋचानं मला किल्ल्यावर नेलं. चढ मोठा, थंडी बोचरी, आणि वर पोचलो तर निळ्या फरशांचा तो प्रसिद्ध महाल धुक्यात गुडूप. शेजारी एक नवं जोडपं भांडत होतं. कॅमेरा चालू होऊन लगेच बंद पडत होता, आणि सेल कालच घेतलेत असं नवरा शपथेवर सांगत होता.

मला राहवलं नाही. सेल काढायला लावले, त्याला काखेत धरायला सांगितले. थंडीत सेलचा जोर जातो, ते मरत नाहीत, नुसते गारठतात. बायकोच्या देखत काखेत सेल धरून उभं राहायला तो लाजत होता. थोड्या वेळानं कॅमेरा नीट चालू झाला आणि त्याचबरोबर धुकंही जरा उठलं. फरशीतली पिवळी बदकं आणि निळे पट्टे असे समोर आले की मी बोलायचीच थांबले. ऋचाच्या म्हणण्याप्रमाणं ग्वाल्हेरमध्ये मी गप्प राहिल्याची ती एकच वेळ.

त्या जोडप्याचे सगळे फोटो मात्र निळे येत होते, माणसंसुद्धा. कॅमेऱ्यात उजेडाची निवड 'बल्ब' वर राहिली होती, घरातल्या पिवळ्या दिव्यासाठी असते ती. ती बदलून 'ऊन' केली. "मैडम, आप क्या इसी की डॉक्टर हैं?" बायकोनं विचारलं. तेवढ्यानं माझा दिवस चांगला गेला.

हळदीकुंकू

ही डॉक्टरकी ऋचानं गल्लीत सांगितली आणि संध्याकाळी शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं, तिथं बायका वाण घ्यायला येताना कॅमेरेही घेऊन आल्या. निमा स्वतः कुंकू लावून घेत नव्हती. कोपऱ्यात बसून पानं लावत होती. मी तिच्या शेजारीच बसले आणि माझा दवाखाना मांडला. बायका तिथंच येऊन बसल्या. एका काकूंनी तर निमाच्या हातावर आधी तिळगूळ ठेवला.

एकीच्या कॅमेऱ्यात भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल घातले होते. घड्याळाला ते वर्षभर पुरतात, कॅमेरा ते दोन फोटोंत पिऊन टाकतो. दुसरीचा कॅमेरा फोटो घ्यायलाच नकार देत होता. तिच्या कार्डाच्या कडेचं इवलंसं खटकं खाली सरकलं होतं, म्हणजे कार्डाला कुलूप लागलं होतं. ते वर केलं, झालं. तिसरीचे सगळे फोटो धुरकट. लेन्सवर कुणाच्या तरी तुपाच्या बोटाचा ठसा होता आणि तो ठसा तिच्या नवऱ्याचा आहे यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

ज्यांची कार्डं भरली होती त्यांचे फोटो ऋचानं खालच्या सायबर कॅफेत नेऊन सीडीवर उतरवले आणि मग कार्डं रिकामी केली. पोरगी हुशार. एकदा सांगितलं की पुरे. आधी उतरवायचं, मग रिकामं करायचं, हे तिनं त्या संध्याकाळी मंत्रासारखं पाठ केलं.

गच्ची

पुढच्या सकाळी नव्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं झाकण सुटलं. खरं सांगते, मला ओरडावंसं वाटलं. आतले सेल फुगून हिरवे झाले होते, ते चिमट्यानं काढले. पट्ट्या लिंबानं पुसल्या, मग स्पिरिटनं, मग कोरड्या फडक्यानं. ऋचा बेडई आणायला बाजारात गेली होती आणि निमा खाली स्वयंपाकघरात. मी गच्चीवर उन्हात बसले होते.

मग लेन्सकडं वळले. लेन्सच्या भोवतालच्या फटीत टूथपिक फिरवली तर बारीक तपकिरी चुरा निघाला. मला वाटलं रायपूरची माती. बोटावर घेऊन पाहिलं तर त्यात तीळ होते. गजक! निमानं परत जाताना बांधून दिलेली गजक त्यांनी कॅमेऱ्याच्याच पिशवीत टाकली असणार. ग्वाल्हेरचाच माणूस असा कॅमेरा बिघडवू जाणे. मी हसले आणि लगेच डोळे भरून आले, कारण पुडी उघडून एकटाच खात बसलेला तो माणूस मला दिसायला लागला.

नवे सेल घातले. दिवा लागला. फोटो पाहायचं बटण दाबलं आणि त्या छोट्या पडद्यावर दिनकरराव आले. कडेला अक्षरं हिंदीत, त्यांनी तशीच लावून घेतली असतील. मी "निमा, निमा!" म्हणून हाक मारली. तेवढ्यात ऋचा बेडईचा पुडा घेऊन वर आली. कार्ड अजून कॅमेऱ्यातच होतं. माझे हात लिंबानं आणि स्पिरिटनं ओले, म्हणून मी कॅमेरा तिच्या हातात दिला आणि फडकं शोधायला लागले.

फोटो पाहायला लागलं की लेन्स आपोआप आत जाऊ पाहते. ती जायला लागली आणि उरलेल्या चुऱ्यावर अडकून कर्र कर्र करायला लागली. एवढ्या बारीक मोटारीला तो ताण झेपत नाही. आमच्या दुकानात लेन्स आत जाऊन तिच्यावरची पाती बंद झाली की आम्ही 'मिटली' म्हणतो, डोळा मिटतो तसं. मी तिकडूनच ओरडले, "मिटव! मिटव आधी!"

"सगळे?" ऋचानं विचारलं.

"सगळं! विचारत काय बसलीस, मिटव!"

मी हात पुसून वळले तेव्हा लेन्सचा आवाज थांबला होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'कोई चित्र नहीं'.

"मिटवले, मावशी," ऋचा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काम नीट केल्याचं समाधान होतं.

आपण छत्री मिटवतो, भांडण मिटवतो. ग्वाल्हेरची मराठी हिंदीच्या शेजारी राहून राहून हिंदीसारखं 'मिटवते', म्हणजे पुसून टाकते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरही तेच लिहिलेलं होतं, 'सभी मिटाएँ'. मी फोटो आधीच उतरवून घेतले असतील असं तिनं धरलं, आणि तिनं असं का धरू नये? आदल्या संध्याकाळी मीच तर तो क्रम शिकवला होता.

निमा जिना चढून वर आली, पदराला हात पुसत. फोटो उतरवलेलेच नव्हते हे ऋचाच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला तिचीच भीती वाटली. "आई, मैंने... मावशी म्हणाली म्हणून... मी तर तेच केलं जो इन्होंने बोला..." आणि ती रडायला लागली.

निमानं कॅमेरा घेतला, रिकाम्या पडद्याकडं पाहिलं आणि ऋचाच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे, बेटा," ती म्हणाली. "माझ्या नशिबात नाही, इतकंच."

"जाऊ दे नाही!" मी म्हणाले, आणि माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. "कुणीही काहीही जाऊ द्यायचं नाही."

रडता रडता ऋचानं कॅमेरा परत घेतला. आता फोटो साठतो तरी का, हे पाहायला ती एक फोटो काढणार होती. मी झडप घालून तो हिसकावला आणि कार्ड काढून त्याचं खटकं खाली सरकवलं. मग दोघींना समोर बसवून सांगितलं. फोटो पुसला म्हणजे तो जात नाही. घराच्या दारावरची नावाची पाटी तेवढी काढली जाते, माणसं आतच असतात. नवा भाडेकरू आला की मगच त्यांना बाहेर जावं लागतं. म्हणून या कार्डावर आता एकही नवा फोटो घ्यायचा नाही, आणि पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्राम असलेला कॉम्प्युटर गाठायचा.

"आणि नाही मिळाले तर?" निमानं विचारलं.

"तर मी इथंच राहीन आणि तुझी अमचुराची आमटी खाईन," मी म्हटलं. पण दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापायी मी कधी इतकी घाबरले नव्हते.

मुरार

सायबर कॅफेवाल्यानं हात झटकले. लष्करातल्या आणखी दोन दुकानांत तेच झालं. तिसऱ्यानं सांगितलं, मुरारला जा, छावणीच्या बाजूला विलासराव म्हणून एक निवृत्त फौजी आहेत, फोटो छापतात आणि कॉम्प्युटरचंही काम करतात. निमा येत नव्हती. मला बघवणार नाही, म्हणाली. मी तिच्या चपला तिच्या पायांपुढं ठेवल्या.

टेम्पोत आम्ही तिघी एका बाकावर कोंबून बसलो. ते कार्ड मी रुमालात गुंडाळून मुठीत धरलं होतं. मुरारला पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि धुकं जाऊन चांगलं ऊन पडलं होतं.

विलासराव उंच, मिशीवाले. मराठी ऐकून खूश झाले. "आमचे पण पणजोबा दक्खनमधूनच आले, रिसाल्यात होते," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. सगळी हकीकत ऐकली आणि मान हलवली. "ताई, बुरा मानू नका. गेलं ते गेलं समजा."

"समजणार नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडं पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम आहे की नाही, तेवढं सांगा."

होता. कुणा मेजरसाहेबांच्या लग्नाच्या वेळी कुठून तरी मिळवलेला. कार्ड लावलं तर कॉम्प्युटरच विचारायला लागला, कार्ड नव्यानं तयार करू का? विलासरावांचं बोट सवयीनं माउसवर गेलं. त्या इवल्याशा खटक्यावर सगळं सोपवायची माझी तयारी नव्हती, मी त्यांचं मनगट धरलं. फौजी माणसाचं मनगट धरायची माझी ती पहिलीच वेळ. "हो म्हटलंत तर पाटीबरोबर भिंतीही जातील," मी सांगितलं. त्यांनी बोट उचललं आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसा. तुम्हीच चालवा."

पहिल्या खेपेला काहीच सापडलं नाही. कार्ड लावायचं यंत्र सैल होतं, मी ते बदलायला लावलं. दुसऱ्या खेपेला मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरवर तो एकच कॉम्प्युटर चालेल म्हणून विलासरावांनी दुकानातलं बाकी सगळं बंद केलं, पंखा लागत नाही अशा दिवसांत पंख्याचं बटणसुद्धा. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. निमा मागच्या स्टुलावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. ऋचा नखं खात होती. मी पट्टीकडं डोळे वटारून बसले होते, जणू तिनं थांबायची हिंमत करून दाखवावी.

पट्टी संपली आणि पडद्यावर लहान लहान चौकोन उमटायला लागले.

"आई!" ऋचा किंचाळली.

काही फोटो अर्धे करडे होते. ते आधीच कधीतरी पुसलेले, त्यांच्या जागेवर तेव्हाच नवे भाडेकरू आले होते. पण बाकीचे साबूत होते. दिनकरराव भाजी निवडताना, दिनकरराव ऋचाच्या ओढणीचं पागोटं बांधून, दिनकरराव पाठमोरे. निमा उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. तिचे हात माझ्या खांद्यावर होते.

मग तो आला. गच्चीवर, सकाळच्या उन्हात उभे, स्वेटर घातलेले, तोंडावर हसू येऊ घातलेलं. खांदे हलायच्या बेतात. तेच दिनकरराव. भिंतीवर हाच लागणार हे सगळ्यांनाच कळलं होतं.

एकच खोट होती. फोटो फार वाईट बांधला होता. माणूस पार डाव्या कडेला, आणि उजवीकडं नुसती चुन्याची रिकामी भिंत. "मध्यभागी उभं करायचं की गं," मी ऋचाला म्हटलं. "चिंता नको, रिकामी बाजू कापून टाकू." विलासरावांनी दिनकररावांभोवती एक चौकट आखली. त्या चौकटीत ते छान मधोमध दिसायला लागले.

"हे आखिरीवालं काय आहे?" विलासराव म्हणाले. चौकोनांच्या शेवटी एक काळा चौकोन होता. फोटो नव्हे, चित्रफीत.

ऋचा पुढं वाकली. "हे तर... मावशी, हे मी तेव्हाच मिटवलं होतं. कॅमेऱ्याचं चाक गलतीनं व्हिडिओवर गेलं होतं. बाबा रायपूरला जायच्या दिवशी. मला वाटलं बेकार गया, म्हणून लगेच डिलीट करून फोटो घेतला."

सकाळची चूक झाली नसती तर आम्ही कार्डाच्या तळाशी हात घालायला कशाला गेलो असतो? मी बटण दाबलं.

तीच गच्ची. दिनकरराव भिंतीपुढं मधोमध, श्वास रोखून, अगदी ताठ. ऋचाचा आवाज: "बाबा, हिलना मत." ते हलत नाहीत. मग ओठ न हलवता ते विचारतात, "खेचला का?" ऋचा म्हणते, "नाही, बटण दाबते आहे पण कुछ हो ही नहीं रहा."

ते तसेच उभे राहतात. मग त्यांची नजर बाजूला जाते, आणि दोन वर्षांनी तो आवाज त्या दुकानात आला. "निमे, तू पण ये ना. माझ्या एकट्याचं काय करायचं आहे?"

निमाचा आवाज, दुरून: "माझे केस बघा कसे आहेत. पुढच्या वेळी."

"अगं ये ना." आणि ते एक पाऊल डावीकडं सरकतात, मग आणखी एक, अगदी कडेपर्यंत. "बघ, जागा केली."

"पुढच्या वेळी म्हटलं ना!"

"बरं," ते म्हणतात आणि हसायला लागतात. पण परत मध्ये येत नाहीत, तिथंच उभे राहतात. ऋचा ओरडते, "अरे, ये तो वीडियो पे है!" आणि तिथं ते संपतं.

निमाचे हात माझ्या खांद्यांवरून निघाले. तिनं तोंडावर पदर धरला होता आणि ती मोठ्यानं रडत होती, दोन वर्षांत ऋचानं तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं असं तिनं मला नंतर सांगितलं. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. विलासराव बाहेर जाऊन चहाचे ग्लास विसळत बसले.

बऱ्याच वेळानं ते आत आले, घसा साफ केला आणि माउस हातात घेतला. फोटो अजून पडद्यावर होता, ती आखलेली चौकटही. "तर मग एवढंच छापू ना, ताई? ही रिकामी बाजू कापतो."

"कापू नका," निमा म्हणाली. तिनं पुढं होऊन त्या पांढऱ्या भिंतीवर, पडद्यावरच, बोट ठेवलं. "तिथं मी आहे."

विलासरावांनी चौकट काढून टाकली आणि फोटो होता तसा, सगळ्या भिंतीसकट छापला.